कच्चा गुग्गुळ घरी शुद्ध करून द्यावा का? गुडघे, कोलेस्टेरॉल आणि सालई

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे. गुडघे दुखतात, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ निघालंय, रक्तदाबासाठी डिल्टियाझेम चालू आहे. नातेवाइकांनी पाव किलो कच्चा गुग्गुळ आणून दिलाय. तो घरी शुद्ध करून देता येईल का, किती द्यायचा, आणि दुकानात मिळतो तो सालई गुग्गुळ हाच का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. डिल्टियाझेम चालू आहे तोवर वडिलांना गुग्गुळ देऊ नका. कच्चा नको, शुद्ध केलेलाही नको, आणि योगराज वगैरे गुग्गुळाच्या तयार गोळीतूनही नको. निरोगी माणसांना गुग्गुळाचा अर्क आणि डिल्टियाझेम बरोबर देऊन पाहिलं, तेव्हा रक्तात पोहोचणारं डिल्टियाझेम घटलेलं आढळलं. प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाचंही तसंच झालं. म्हणजे गोळी वेळेवर घेऊनही रक्तदाब चढू शकतो, आणि आपण गोळीला दोष देत बसतो. गुडघ्यांसाठी सालईचा अर्क हा जास्त बरा पर्याय आहे, तोही डॉक्टरांच्या कानावर घालून. एलडीएलचं पुढे लिहिलं आहे.

आता माल. गुग्गुळ म्हणजे कॉमिफोरा वाइटी या काटेरी झुडपाचा डीक. हे झुडूप राजस्थान, कच्छ, चंबळची बीहडं आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तान अशा कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढतं. सालई म्हणजे बॉस्वेलिया सेराटा, हा आपल्या सातपुड्यातला आणि मेळघाटातला मोठा वृक्ष. ग्रंथांत त्याला शल्लकी आणि त्याच्या डिकाला कुंदरू म्हटलंय. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि दोन्ही डीक धुपात जातात, म्हणून बाजारात एकाच नावाखाली खपतात. आतली द्रव्यं मात्र वेगळी. गुग्गुळात गुग्गुलस्टेरोन, सालईत बॉस्वेलिक आम्लं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पूजासाहित्याच्या दुकानातून आलेला गुग्गुळ असेल तर तो खाण्याच्या बाजूला आणूच नका. धुपासाठीच्या मालात भुसा, माती, स्वस्त राळ आणि रंग सर्रास असतो. धुपाला ते चालून जातं, पोटाला नाही.

माल ओळखायचा तर चार परीक्षा घरी होतात. पहिली नजरेची: चांगल्या गुग्गुळाचे लालसर-सोनेरी ते तपकिरी, किंचित पारदर्शक खडे असतात आणि बोटांच्या उबेने ते चिकटायला लागतात. काळाकुट्ट, दगडासारखा गोळा बहुधा माती मिसळून थापलेला असतो. दुसरी गरम पाण्याची: हरभऱ्याएवढा खडा कपभर गरम पाण्यात चुरला की पाणी दुधाळ होतं. बाभळीचा डीक पाण्यात जवळजवळ स्वच्छ विरघळतो. रोझिन (चिडाची राळ) विरघळतच नाही, मऊ होऊन तळाशी गोळा होतो. तिसरी विस्तवाची: निखाऱ्यावर टाकला की फुलतो, जळतो आणि जड, कडवट-गोड धूर देतो. बाभळीचा डीक नुसता करपतो. चौथी थंड पाण्याची: पाच मिनिटांत पाणी लाल किंवा केशरी झालं तर रंग लावलेला आहे.

पाण्याची परीक्षा सालईला गुग्गुळापासून वेगळं करत नाही, कारण सालईही पाणी पांढुरकं करते. तिथे नाकच कामाला येतं. सालईला टर्पेंटाइन-लिंबाच्या अंगाचा हलका वास असतो, खडे फिकट पिवळे असतात आणि ठिसूळ तुटतात.

माती किती आहे तेही मोजता येतं. दहा ग्रॅम गुग्गुळ अर्धा लिटर गरम पाण्यात पूर्ण घोळवा, मलमलीतून गाळा, वर राहिलेलं आणि भांड्याच्या तळाशी बसलेलं सगळं वाळवून वजन करा. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकग्रंथात, बाह्य द्रव्याची मर्यादा ४ टक्के आहे, म्हणजे दहा ग्रॅमला ०.४ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर इतकं नेमकं कळणार नाही, पण एक ग्रॅमच्या वर कचरा निघाला तर तो माल परत करा. शोधनाने, म्हणजे शुद्ध करण्याने, साल, काड्या आणि वाळू निघते. रंग आणि मिसळलेली राळ निघत नाही.

शोधन

घरात दुसऱ्या कोणाला वैद्यांनी गुग्गुळ सांगितला असेल तर शोधन घरी जमण्यासारखं आहे. मोठा खटाटोप नाही, वेळ मात्र जातो. ग्रंथांत गोमूत्र, दूध, गुळवेलीचा काढा, त्रिफळ्याचा काढा असे बरेच द्रव सांगितले आहेत. घरी त्रिफळा सोपा.

१०० ग्रॅम गुग्गुळ घ्या. हाताने खडे, काड्या निवडा. मोठे खडे फोडायचे तर आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, थंड झाला की तो कडक होतो आणि बत्त्याच्या एका घावात फुटतो. मिक्सरमध्ये घालू नका. पात्याच्या उष्णतेने वितळून भांड्याला असा बसतो की भांडं बाद होतं.

१०० ग्रॅम त्रिफळ्याची भरड रात्रभर १,६०० मिलि पाण्यात भिजवा. सकाळी मंद आचेवर अर्धं, म्हणजे ८०० मिलि उरेपर्यंत आटवून गाळून घ्या. भांडं स्टीलचंच हवं. त्रिफळ्यातली तुरट द्रव्यं लोखंडाशी संयोग पावून शाईसारखा काळा रंग देतात, मग आतला माल करपतोय की नुसता काळा झालाय ते कळत नाही.

गुग्गुळाचे खडे विरळ विणीच्या मलमलीत सैल बांधा. घट्ट बांधली तर पुरचुंडी आतून कोरडीच राहते. भांड्यावर आडवी काठी ठेवून पुरचुंडी काढ्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी टांगा. यालाच दोलायंत्र म्हणतात. आच मंद, काढा नुसता थरथरता हवा. साधारण पंधरा मिनिटांनी पुरचुंडी मऊ पडते आणि कापडातून तपकिरी-पिवळसर दाट धार सुटताना दिसते. आता पळीने ती भांड्याच्या कडेला दाबत राहायचं, पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायची. काढा कॉफीसारखा गढूळ होतो आणि वर हलका चिकट फेस येतो. तास-दीड तासात कापडात फक्त साल, काड्या, वाळूचे कण आणि न विरघळणारा चोथा राहतो. तो टाकून द्या. पिळून पिळून आणखी काढायच्या मोहात पडू नका, शेवटी बारीक माती कापडातून पलीकडे येते.

हा गढूळ द्रव गरम असतानाच पुन्हा गाळा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. मग वरचा अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचा शेवटचा घोट टाकून द्या. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि गोळी खाताना दाताखाली कचकच येते.

आता आटवणं. पहिला अर्धा भाग सरळ आचेवर चालतो. दाट व्हायला लागला की भांडं उकळत्या पाण्यावर ठेवा, नाहीतर तळाला लागलाच म्हणून समजा. एकदा करपल्याचा वास आला की तो घाणा संपला. वरचा वरचा काढून वाचवायचा प्रयत्न करू नका, वास सगळ्यात उतरतो. उलथनं ओढल्यावर तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला जाईल इतपत दाट झाला की उतरवा. तूप माखलेल्या ताटात तीन-चार मिलिमीटरचा थर पसरा, वर पातळ कापड बांधा आणि उन्हात ठेवा. कोरड्या हवेत तीन ते पाच दिवस लागतात. कोकणात जून ते सप्टेंबर हा उद्योग करूच नये. वरून वाळलेला दिसतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते. ओव्हन असेल तर ५० ते ६० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून वाळवता येतो.

वाळल्यावर थोडं थोडं गाईचं तूप लावत कुटा, १०० ग्रॅमला ५ ते १० ग्रॅम पुरे. तुटक तुटक पडणारा गुग्गुळ कुटता कुटता मेणासारखा एकजीव होतो. तिथे थांबायचं. गोळ्या वळून त्रिफळा चूर्णात घोळवा, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. दहा गोळ्या एकत्र तोलल्यावर ५ ग्रॅम भरल्या पाहिजेत, म्हणजे प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम. काचेच्या बरणीत ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा.

इथे एक हिशेब सहसा कोणी सांगत नाही. वाळलेल्या मालाचं वजन ९०-१०० ग्रॅम भरलं म्हणून गुग्गुळ अस्सल होता असं होत नाही. त्रिफळ्यातला विरघळणारा अंश त्यात आटून बसलेला असतो. १०० ग्रॅम मालातून २० ग्रॅम कचरा गेला तरी काढ्याच्या घन भागाने ती तूट भरून निघते. तेव्हा शुद्ध गुग्गुळाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष गुग्गुळ त्याहून बराच कमी असतो, आणि कचरा किती होता ते फक्त टाकलेल्या चोथ्याच्या वजनावरून कळतं.

मात्रा आणि पथ्य

फार्माकोपियातली मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम आहे. सुरुवात मात्र ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर अशी करावी आणि आठवडाभर पोट काय म्हणतं ते पाहावं. छातीत जळजळ, पातळ शौच, ढेकर, डोकं दुखणं या नेहमीच्या तक्रारी. त्या मात्रा कमी केल्यावर जातात. अंगावर पुरळ उठून खाज आली तर मात्रा कमी करत बसू नका, थेट बंद करा. पुन्हा घेऊन खात्री करायची नाही.

जुन्या पथ्यात आंबट, तिखट, मद्य, ऊन, अतिश्रम आणि राग वर्ज्य सांगितले आहेत. रागाचं काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं. उष्ण द्रव्य आहे, त्यामुळे आंबट-तिखट आणि मद्य सोडलं तर पोटाच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत, हे व्यवहारातही दिसतं. नवा गुग्गुळ बृंहण (अंग भरणारा), जुना लेखन (मेद खरवडणारा) असाही भेद आहे, म्हणून मेद कमी करण्यासाठी वैद्य जुना माल मागतात.

गरोदरपणात गुग्गुळ नको. अंगावरून जास्त जात असेल तेव्हा नको. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारी औषधं, आणि वर सांगितलेली डिल्टियाझेम-प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. गुग्गुळामुळे यकृतातली औषधं मोडणारी काही विकरं जोर धरतात, त्यामुळे यादी या चारांवर संपत नाही. रोज तीन-चार गोळ्या खाणाऱ्या माणसाने आपली पूर्ण यादी वैद्यांपुढे ठेवावी. गुग्गुळाच्या अर्कानंतर स्नायू विघटन पावल्याची एक नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, तेव्हा स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध घेणाऱ्याला स्नायू दुखून लघवी गडद झाली तर दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

कोलेस्टेरॉल

गुग्गुळ आणि कोलेस्टेरॉलची आधुनिक गोष्ट बनारस हिंदू विद्यापीठात सुरू झाली. सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन हाताशी धरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर काम केलं, १९६६ चा प्रबंध. पुढे लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड हा अर्क विकसित केला आणि १९८० च्या दशकात तो बाजारात आला. भारतातले निकाल उत्साहाचे होते. १९९४ च्या एका चाचणीत ६१ रुग्णांना आहारनियंत्रणासोबत २४ आठवडे औषध दिलं. गुग्गुलिपिड घेणाऱ्या गटात एलडीएल सुमारे १२.५ टक्के उतरलं.

मग २००३ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. २.५ टक्के गुग्गुलस्टेरोन असलेला अर्क काहींना १,००० आणि काहींना २,००० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं, गुग्गुळ घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्के चढलं. सहा जणांना अंगावर ॲलर्जीचं पुरळ आलं. अर्क प्रमाणित होता, मात्रा भरपूर होती, तेव्हा ‘माल बरोबर नव्हता’ ही सबब इथे चालत नाही.

दोन्ही बाजू पाहून मत देतो: नुसतं एलडीएल उतरवायला गुग्गुळ सुरू करू नये. १४८ वर औषध लागतं की आहार-व्यायामाने भागतं, हे साखर, तंबाखू, रक्तदाब, घराण्यात कमी वयात झालेला हृदयविकार यांवर ठरतं. ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि चालू असलेलं स्टॅटिन बंद करून गुग्गुळ घेणं हा सौदा तोट्याचाच.

गुडघे आणि सालई

सालईच्या बाजूने पुरावा जास्त ठाम आहे, आणि त्यातला एक तर नागपूरचाच. तिथल्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांना सालईचा अर्क दिला, ३३३ मिलिग्रॅम तीन वेळा, आठ आठवडे, नंतर गट बदलून पुन्हा आठ आठवडे. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. क्ष-किरणात फरक दिसला नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा: झिजलेलं कूर्चा परत येत नाही, पण जिना चढणं सुसह्य होतं.

सालई रिकाम्या पोटी घेतली तर फुकट जाते. बॉस्वेलिक आम्लं स्निग्ध जेवणाबरोबर कितीतरी जास्त शोषली जातात, म्हणून तूप-तेल असलेल्या जेवणातच घ्या. चार आठवडे पाहा, फरक नाही तर आठपर्यंत, त्यानंतरही नाही तर बंद. पोट बिघडणं हा मुख्य त्रास. वॉरफरिनसारखं औषध चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर करून घ्या.

बाटलीवर ‘बॉस्वेलिक आम्ल ६५ टक्के’ लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा टायट्रेशनने, म्हणजे एकूण आम्लता मोजून, काढलेला असतो आणि त्यात सगळी सेंद्रिय आम्लं धरली जातात. एचपीएलसीवर, म्हणजे प्रत्येक द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या चाचणीत, खरी बॉस्वेलिक आम्लं कमी भरतात. जो उत्पादक एचपीएलसीचा आकडा छापतो तो घ्या, आकडा लहान दिसला तरी.

तयार गोळ्यांबद्दलही तेच: लेबल वाचा. त्रिफळा गुग्गुळाचं शार्ङ्गधरसंहितेतलं प्रमाण त्रिफळा ३, पिंपळी १, गुग्गुळ ५ असं आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत गुग्गुळ सुमारे २७८. योगराज आणि महायोगराज एक नव्हेत. महायोगराजात नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पारा असतो. ते वैद्यांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तरच घ्यायचं, दुकानदाराने ‘हे जास्त भारी आहे’ म्हणून दिलं तर नाही. औषध असेल तर ‘आयुर्वेदिक औषध’ आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. न्यूट्रास्युटिकल, म्हणजे पूरक आहार म्हणून विकलेलं, असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हेही त्यावरच छापलेलं असतं.

राहिला तुमचा पाव किलो. तो परीक्षेत उतरला तर ज्यांना वैद्यांनी खरोखर सांगितलाय त्यांना द्या, आणि पुढच्या वेळी नातेवाइकांना आणू नका म्हणून सांगा. रानातलं गुग्गुळाचं झुडूप आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. थंडीत, साधारण नोव्हेंबरपासून, खोडावर उथळ चिरा देऊन डीक काढतात, एका झुडपातून पाव ते अर्धा किलो. इथेफॉन हे रसायन चिरेत भरलं की डीक वीसपटीहून जास्त येतो, पण खोल घाव आणि जादा मात्रा झाली की झुडूप वाळून जातं. रस्त्याकडेला स्वस्त मिळणारा माल कोणत्या चिरेतून आलाय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. विकत घ्यायचाच झाला तर लागवडीतून आलेला, बॅच क्रमांक आणि चाचणी अहवाल असलेला घ्या. महाग पडेल, पण मग वाळू मोजत बसावं लागणार नाही.